डबीवरची दोन अक्षरं

लँडिडनोच्या समुद्रकाठच्या हॉटेलात
वर्षातून एकदा जमतात ‘नववी कक्षा’चे भक्त.
कॅप्टनच्या सहीची रांग जिन्याखालपर्यंत जाते.
माझ्या टेबलावर पाण्याचा जग
आणि पुठ्ठ्यावर लिहिलेलं:
मेरेरिड पॅरी, साहित्य विभाग.

अधूनमधून कुणी येतं, खात्री करून घेतं.
हो, नियंत्रण कक्षाची भिंत अंड्यांच्या ट्रेंचीच होती,
वरून चंदेरी रंग.
हो, सातव्या भागात सम्राटाच्या मागून जाते ती मेंढीच.
तुमचा सिद्धांत सुरेख आहे,
पण ती कुंपण मोडून आली होती
आणि पुन्हा चित्रित करायला फिल्म उरली नव्हती.

इंजिनाचा आवाज?
तो कॅन्टीनचा फ्रीज.
तिसऱ्या वर्षी कुणा भल्या माणसानं तो दुरुस्त केला.
आधीच्या टेपवर तोवर चर्चची गाणी चढलेली.
मग पोतंभर पत्रं आली, मुलांच्या अक्षरातली:
जहाजाला काय झालं? ते आजारी आहे का?

अकरा ग्रह आम्ही एकाच खाणीत केले.
भिंगापुढचा कागद तेवढा बदलायचा,
लाल, जांभळा, लिंबू.
शाळेच्या पाटीचा दगड निघायचा तिथून,
माझा बाप एकोणतीस वर्षं तो चिरत होता.
संध्याकाळी राखाडी होऊन घरी यायचा,
भुवयांसकट.
खोकला आधी पोचायचा दारात,
मागून तो.

चौथ्या ग्रहावर कॅप्टन नेमका तिथं उभा राहिला
जिथं खाणवाल्यांची चहाची खोपी होती,
आणि म्हणाला,
‘इथं कधीच कुणी राहिलं नव्हतं.’
मी कॅमेऱ्यामागे होते, हातात हिरव्या रंगाची बादली.
वाक्य छान झालं. एका दमात झालं.
मी बादली खाली ठेवली, एवढंच.

त्याच आठवड्यात संदेशयंत्र हवं होतं,
पैसे संपलेले.
मी घरून बापाची तंबाखूची डबी आणली,
तिला तार लावली, एक लाल काच.
झाकणावर त्यानं खिळ्यानं कोरलेलं होतं
एक उभी रेघ
आणि एका काठीला पुढं आलेलं पोट.
इथेल पॅरी.
मालिका बंद पडली तेव्हा
सगळं सामान एका ट्रकमध्ये भरून जाळलं.
मी त्या दिवशी रजेवर होते.

आता ती डबी पलीकडच्या स्टॉलवर आहे.
डोंगग्वानच्या कारखान्यातून आलेली,
तीनशे नगांची खास आवृत्ती,
छायाचित्रं मोठी करकरून बनवलेली.
पोचा जिथल्या तिथं. अक्षरंही.
खोक्यावर छापलंय:
‘प्राचीन वेगन लिपी. अर्थ अद्याप अज्ञात.’

स्टॉलवरचा पोरगा उत्साही होता.
‘बटण दाबलं की इंजिनाचा आवाज, मॅडम, अगदी मूळचा!
एका घरात टीव्हीपुढे कॅसेट धरून टिपलेला.
आठव्या सेकंदाला त्या घरातलं कुणीतरी खोकतं.
आम्ही ते काढलं नाही. लोकांना आवडतं.’
अर्थ सांगावा असं ओठावर आलं होतं.
त्याच्या मनगटावर तीच दोन अक्षरं गोंदलेली दिसली,
मग राहू दिलं.

चौतीस पौंड नव्याण्णव.
मी तिथं काम केलंय हे त्याला माहीत नव्हतं,
सवलत मीही मागितली नाही.

खोलीत येऊन खोकं फाडलं.
झाकण नाकाशी नेलं, प्लॅस्टिकचा वास.
अंगठा त्या उभ्या रेघेवरून फिरवला,
खिळा जिथं निसटला होता तिथंही तो बरोबर अडला.
बाहेर सीगल भांडत होते, खिडकी लावून घेतली.

बटण दाबलं.
फ्रीज घरघरायला लागला, दुरुस्त होण्याआधीचा,
आणि मी मोजू लागले:
पाच, सहा,
सात.